औषध कपाटात, कारण आवारात

(रौप्यमहोत्सवी सोहळ्यात आपल्या सोसायटीतील एक ज्येष्ठ सभासद, आरोग्य खात्यातील निवृत्त कर्मचारी, यांनी दिलेल्या भाषणाचा मजकूर. ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेताना बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. - संपादक मंडळ)



१ मे १९९९ ला आपल्या भंडारा जिल्ह्यातून गोंदिया वेगळा झाला आणि त्याच वर्षाच्या शेवटी आपल्या संस्थेची नोंदणी झाली. जिल्हा लहान झाला आणि आपलं कुटुंब मोठं झालं, असं मी तेव्हा गमतीने म्हणायचो. या पंचवीस वर्षांत आपण पुष्कळ काही मिळवलं. मुलं शिकली, पुण्याला-बंगलोरला गेली. दोन गेटं झाली, लिफ्ट आली, कॅमेरे लागले. आणखी एक गोष्ट आली, तिचा अहवालात उल्लेख नाही. १९९९ साली फ्रिजवर गोळ्यांचा डबा असलेली घरं आपल्याकडे बोटांवर मोजता येत होती. आज डबा नसलेली घरं बोटांवर मोजावी लागतात.

समितीने मला विषय दिला, 'दीर्घ आजारांची मूळ कारणं आणि आपलं रोजचं जगणं'. आधीच सांगून टाकतो, मी डॉक्टर नाही. बत्तीस वर्षं आरोग्य खात्यात कर्मचारी होतो, त्यातली बहुतेक हत्तीरोगाच्या कामात. त्यामुळे मी औषध सांगणार नाही. औषध सांगणारे आपल्याकडे भरपूर आहेत, व्हॉट्सअॅपवर तर जास्तच आहेत. मी जे आयुष्यभर शोधत फिरलो ते सांगतो, म्हणजे कारण.

सुरुवात माझ्या आईपासून करतो. आमचं गाव पवनी तालुक्यातलं. थोडी धानाची शेती, बाकी मजुरी. मला कळायला लागलं तेव्हापासून आईचा उजवा पाय सुजलेला होता. हत्तीपाय. वर्षातून तीन-चार वेळा तिला थंडी वाजून ताप यायचा, पाय लाल व्हायचा, जांघेत गाठ यायची, आणि प्रत्येक वेळी सूज आधीपेक्षा थोडी वाढूनच राहायची. गावात कोणी म्हणे वाऱ्याचा दोष, कोणी म्हणे मागच्या जन्माचं. लग्नकार्यात ती पाय लुगड्याखाली झाकून कोपऱ्यात बसायची. आणि रोवणा सुरू झाला की तोच पाय घेऊन दिवसभर बांधीतल्या चिखलात वाकायची. आराम कर म्हटलं तर म्हणायची, "पाय सुजला त सुजला, रोवना कोन करंल?"

पुढे मी खात्यात लागलो, प्रशिक्षण झालं, आणि सूक्ष्मदर्शकाखाली मी पहिल्यांदा तो जंतू पाहिला. रंग दिलेल्या स्लाइडवर दोऱ्याच्या तुकड्यासारखा दिसतो. हा जंतू पसरवणारा डास म्हणजे क्युलेक्सची मादी. ती स्वच्छ पाण्यात क्वचितच अंडी घालते. तिला तुंबलेली नाली लागते, शोषखड्डा लागतो, सेप्टिक टाकी लागते. ती रोगी माणसाला चावते, जंतू घेते आणि दुसऱ्याला देते. लागण पुष्कळदा लहानपणीच होते. मोठे जंत शरीराच्या लसिका वाहिन्यांत पाच-सात वर्षं राहतात, त्या वाहिन्या खराब करतात, आणि सूज दिसते ती कित्येक वर्षांनी. तोवर कारण कुठलं आणि आजार कुठला, याचा मेळच लागत नाही.

त्या दिवशी मला कळलं की आईच्या पायाचं कारण आमच्या घरामागच्या नालीत होतं. ती नाली आमची एकट्याची नव्हती, अख्ख्या गल्लीची होती. आई एकटी ती साफ करू शकली नसती. आणि गल्लीतल्या कोणालाच ती आपली वाटत नव्हती. आज मला एवढंच सांगायचं आहे. बाकी सगळा त्याचाच विस्तार आहे.

आईचा पाय पूर्ववत झाला नाही. एकदा वाढलेली ती सूज औषधाने उतरत नाही. पण पाय रोज साबण-पाण्याने हलक्या हाताने धुवायचा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, बसताना पाय उंच ठेवायचा, जखमेला जपायचं, हे मी तिला शिकवलं. त्यानंतर तापाचे ते झटके जवळजवळ थांबले. तिची शेवटची वर्षं सुखाची गेली. तीस वर्षं आधी कोणी सांगितलं असतं तर, हा विचार अजून मनातून जात नाही.

आमच्या कामात रात्री रक्ताचे नमुने घ्यायचे असतात. साडेआठनंतर निघायचं, बारापर्यंत घरोघरी फिरायचं, बोटाला टोचून दोन-तीन थेंब घ्यायचे. लोक झोपेतून उठून चिडायचे. "दिवसभर कुठं गेले होते? आत्ताच आठवलं?" त्यांना समजावून सांगावं लागे की हे जंतू दिवसा शरीरात खोल, फुप्फुसांच्या बाजूला राहतात आणि रात्री वरच्या रक्तात येतात. कारण त्यांचा डास रात्री चावतो. एवढासा जंतू, पण आपल्या वाहनाची वेळ बरोबर पाळतो. आपल्या एसटीला हे जमलं तर काय पाहिजे!

आता आपल्या सोसायटीची एक गोष्ट. आपण राहायला आलो त्यानंतर दोन वर्षं मी इथून रोज सायकलने निघून गावोगाव सांगत फिरायचो, "शौचालयाच्या पाइपला जाळी बांधा, नाल्या वाहत्या ठेवा." एका संध्याकाळी सहज गच्चीवर गेलो. आपल्या सेप्टिक टाकीच्या व्हेंट पाइपमधून डासांचा धूर निघावा तसे डास निघत होते. दोन्ही इमारतींचे पाइप उघडे. जाळी नाही. जिल्हाभर हिंडणाऱ्या माणसाला स्वतःची गच्ची दिसली नव्हती. दुसऱ्या दिवशी जुन्या मच्छरदाणीचा तुकडा आणि सुतळी घेऊन जाळी बांधली. फुकटात काम झालं. पण परवा तुमच्यासमोर बोलायचं म्हणून पुन्हा वर जाऊन बघितलं. एका पाइपची जाळी फाटून लोंबत होती. ती कधी फाटली, कोणालाच माहीत नाही. कारण ती कोणाचीच नाही.

हे आजही महत्त्वाचं आहे. भंडारा जिल्ह्यात हत्तीरोग अजून आहे. देशाने तो २०२७ पर्यंत संपवायचं ठरवलं आहे. त्यासाठी आरोग्य कर्मचारी आणि आशाताई गोळ्या घेऊन दारात येतात. फ्लॅटमध्ये काय उत्तर मिळतं, मला माहीत आहे. "ठेवून जा, जेवण झाल्यावर घेऊ." किंवा, "आमच्याकडे कोणाला हत्तीरोग नाही." अहो, आईलाही लहानपणी नव्हता. गरोदर बाई, दोन वर्षांखालचं मूल आणि गंभीर आजारी माणूस सोडून बाकीच्यांनी त्यांच्यासमोर गोळ्या गिळायच्या. त्या घेतल्यावर कधी चक्कर आली, ताप आला तर घाबरू नये. पुष्कळदा आतले जंतू मरत असतात म्हणून तसं होतं. तरी आशाताईला कळवावं.

आता तुम्ही म्हणाल, हत्तीरोगाचं ठीक आहे. तिथं डास आहे, जंतू आहे, नाली आहे. शुगरला आणि बीपीला कुठली नाली? बरोबर प्रश्न आहे.

आयसीएमआरने देशभर केलेल्या मोठ्या पाहणीचा निष्कर्ष २०२३ साली आला. देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक काठावर आहेत. रक्तदाब वाढलेले तर शंभरात पस्तीसहून जास्त. एवढे कोट्यवधी लोक एकाच पिढीत आळशी आणि खादाड झाले, असं म्हणणं सोपं आहे. मला ते पटत नाही.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन हे दोघे मित्र. २००४ साली दोघांनी आपला एकत्र फोटो आणि आपापली मापं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापली. उंचीच्या हिशेबाने वजनाचा जो आकडा डॉक्टर काढतात, तो बीएमआय, दोघांचा अगदी सारखा, २२.३. दोघेही दिसायला सडपातळ. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. म्हणजे आपण बाहेरून बारीक आणि आतून जाड. म्हणून, "मी कुठं जाड आहे, मला कशाला शुगर होईल?" असं आपल्याकडे कोणी म्हणू नये.

हे असं का? याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं जन्माचं वजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या बाळांचं ३.५ किलोच्या आसपास. पण आपल्या बाळांत कमी होतं ते स्नायूंचं आणि अवयवांचं वजन. चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. आईच्या पोटात असतानाच शरीर काटकसर शिकतं, आणि पुढे त्याच शरीराला भरपूर खाणं आणि बसायला खुर्ची मिळाली की हिशेब चुकतो. म्हणजे माझ्या शुगरचं एक टोक माझ्या आईच्या अर्धपोटी गरोदरपणात आहे. यात तिचा दोष नाही आणि माझाही नाही. पण आज आपल्या सोसायटीत ज्या सुना-लेकी गरोदर आहेत, त्यांच्या ताटात काय पडतं आणि त्या सगळ्यांच्या शेवटी, उरलंसुरलं तर जेवत नाहीत ना, हे बघणं मात्र आपल्या हातात आहे. पुढच्या पन्नास वर्षांची शुगर तिथं ठरते आहे.

आता माझं स्वतःचं सांगतो. २०११ साली एका शिबिरात मी लोकांच्या रांगा लावत होतो. गंमत म्हणून स्वतःचं बोट पुढे केलं. शुगर चांगलीच वाढलेली. मला खरंच वाटलं, यंत्र बिघडलं. डॉक्टरांनी विचारलं, "भात किती खाता?" आता भंडाऱ्याच्या माणसाला हा काय प्रश्न झाला? सकाळी भात, रात्री भात, आणि मध्ये भूक लागली तर फोडणीचा भात. माझे वडील यापेक्षा मोठा ढीग खायचे. पण ते पहाटेपासून बांधीत असायचे, आणि त्यांचा तांदूळ घरी उखळात कांडलेला असायचा, थोडा कोंडा राहिलेला. मी खुर्चीत बसून, मिलमध्ये चकचकीत केलेला तांदूळ, तेवढाच खात होतो. ताट तेच राहिलं, बांधी सुटली.

मी भात सोडला नाही. सोडणारही नाही. पण ढीग अर्धा केला, वरण घट्ट केलं, भाजी दुप्पट केली, आणि रात्रीचं जेवण साडेदहाऐवजी आठला आणलं. हे शेवटचं सगळ्यात कठीण गेलं, कारण त्यासाठी घरातल्या सगळ्यांची वेळ बदलावी लागली. रोज चाळीस मिनिटं चालायला लागलो. याचा उपयोग होतो का? चेन्नईत झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. शुगर काठावर असलेले ५३१ लोक त्यांनी तीन वर्षं पाहिले. नुसता नेहमीचा सल्ला मिळालेल्या गटात शंभरातल्या ५५ जणांना मधुमेह झाला. आहार आणि व्यायामाचं सतत मार्गदर्शन मिळालेल्या गटात ३९ जणांना. म्हणजे शंभरात सोळा जण वाचले. ३९ जणांना तरीही झालाच, हेही लक्षात ठेवा. चालणं म्हणजे जादू नाही. पण सोळा माणसं म्हणजे थोडी नव्हेत. आपल्या या मंडपात तेवढ्यांच्या दोन रांगा होतील.

इथं माझी एक चूक कबूल करतो. सहा महिने चाललो, शुगर उतरली, आणि मला शहाणपण सुचलं. डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद केल्या. "कारणच काढून टाकलं, मग गोळी कशाला?" असा माझा तर्क. काही महिन्यांनी पायाला चप्पल लागली आणि ती साधी जखम दोन महिने भरली नाही. आयुष्यभर दुसऱ्यांचे पाय धुवायला शिकवणारा मी, स्वतःचा पाय घेऊन बसलो होतो. पाय वाचला, नशीब. तेव्हापासून सांगतो, मूळ कारणावर काम करायचं म्हणजे गोळी फेकून द्यायची नाही. गोळी कमी करायची की बंद करायची, ते तपासणी पाहून डॉक्टर ठरवतील. कुठलं चूर्ण आणि कुठला काढा शुगर मुळापासून घालवतो, अशी जाहिरात आली तर ती पुढे पाठवू नका.

मीठ आणि खर्रा, या दोन गोष्टी थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे. म्हणजे एक लहान चमचा, सगळं धरून. आपल्याकडे लोणचं, पापड, चिवडा, शेव यांतच तो चमचा संपतो, भाजीतलं मीठ वेगळंच.

आणि खर्रा. विदर्भाबाहेरच्या पाहुण्यांना हा शब्दच कळत नाही, आणि आपल्या पोरांना तो दहाव्या वर्षी कळतो. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात दर चार प्रौढांमागे जवळजवळ एक जण तोंडातला तंबाखू खाणारा निघाला. राज्यात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली, पण पानठेल्यावर खर्रा घोटणं काही थांबलं नाही. काही जण म्हणतात, मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारी खातो. सुपारी एकटीच कर्करोग करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने केव्हाच सांगितलं आहे. तोंड उघडणं कमी कमी होत जातं, तीन बोटं जात नाहीत, दोन जात नाहीत, ते सुपारीमुळे. मला कोणाला लाजवायचं नाही. पण गेल्या गणपतीच्या हिशेबात, 'चहा, खर्रा व इतर' अशी एक ओळ मी वाचली. सोसायटीच्या वर्गणीतून! म्हणजे ही नालीसुद्धा सामाईकच झाली.

आता लिफ्टकडे येतो. लिफ्ट हवीच. गुडघे दुखणाऱ्यांसाठी, गरोदर बायांसाठी, आजाऱ्यांसाठी. पण १९५३ साली लंडनमध्ये जेरी मॉरिस यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला, तो सांगतो. तिथल्या दुमजली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर त्यांनी तपासले. गाडी एकच, हवा एकच, पगारात फार फरक नाही. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढणारे. हृदयविकार कंडक्टरांना कमी झाला, आणि झाला तो उशिरा व सौम्य. ते कंडक्टर व्यायामशाळेत जात नव्हते. त्यांच्या कामातच जिना होता. आपल्या जिन्यात मात्र आज काय आहे? जुनी कूलरं, सायकली, रंगाचे डबे, आणि दुसऱ्या मजल्यावर गेला बल्ब. जो जिना चढायला भीती वाटते तो कोण चढेल?

असंच मागच्या रस्त्याचं. सकाळी पुरुष मंडळी फिरतात. बायांना वेळ मिळतो तो संध्याकाळी सातनंतर, आणि तेव्हा मागच्या बाजूला अंधार असतो. दोन दिवे गेले कित्येक महिने बंद आहेत. आपण म्हणतो, "बायका चालत नाहीत." मी म्हणतो, दिवा लावा आणि मग बघा.

आणि पालापाचोळा. हिवाळ्यात सकाळी आपण झाडून गोळा करतो आणि भिंतीशी पेटवून देतो, त्यात प्लास्टिकही जातं. तो धूर तळमजल्यावरच्या खिडक्यांतून आत जातो. ज्या घरात दम्याचं लेकरू आहे, त्या घराने खिडकी लावून घ्यायची, हा आपला उपाय. काडी ओढणारा एक, पंप घेणारा दुसराच.

एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर माझ्या बोलण्याचा उलटा अर्थ निघेल. प्रत्येक दीर्घ आजार जगण्याच्या पद्धतीतून येत नाही. आपल्या विदर्भात सिकलसेल आहे. तो आईवडिलांकडून येतो, खाण्यापिण्याने होत नाही आणि चालण्याने जात नाही. १ जुलै २०२३ ला त्यासाठी राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आहे. लग्न जमवताना पत्रिकेबरोबर सिकलसेलची तपासणीही जुळवा, एवढंच आपल्या हातात आहे. आणि घरात असा रुग्ण असेल तर, "तुम्ही काय चुकलात?" असं त्याला कोणी विचारू नये. माझ्या आईला गावाने तोच प्रश्न आयुष्यभर विचारला.

काही कारणं आपल्या फाटकाबाहेर आहेत. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि तिथून वैनगंगेत येतं, गोसीखुर्दच्या पाण्यात साचतं. ते आपली सोसायटी साफ करू शकत नाही. त्यासाठी नगरपालिका आहे, सरकार आहे, त्यांना विचारत राहायचं. मी तीन वर्तुळं मानतो. पहिलं माझं ताट. तिसरं शहर आणि नदी. भाषणं सगळी या दोनच वर्तुळांवर होतात. पहिल्यात माणसाला दोष देतात, तिसऱ्यात सरकारला. मधलं वर्तुळ म्हणजे आपलं आवार. तिथं दोष द्यायला कोणी सापडत नाही, म्हणून कोणी बोलत नाही. पण खरं सांगू का, पंचवीस वर्षांपूर्वी आपण सहकारी संस्था काढली ती कशासाठी? एकट्याला जे परवडत नाही ते सगळ्यांनी मिळून करायचं म्हणून. घर तसं मिळवलं. आता तब्येतही थोडी तशीच मिळवावी लागेल.

येत्या सर्वसाधारण सभेत एक विषय आहे. इमारतींच्या मागची उरलेली मोकळी जागा सिमेंट करून पार्किंगसाठी द्यायची. मलाही गाडी आहे, आणि पावसाळ्यात ती चिखलात रुतते तेव्हा मलाही राग येतो. त्यामुळे मागणी चुकीची आहे असं मी म्हणत नाही. पण ती जागा गेली की मुलांना खेळायला, म्हाताऱ्यांना बसायला आणि बायांना चालायला आवारात दुसरी जागा उरत नाही. एकदा सिमेंट झालं की ते फोडायचा ठराव पुढची पंचवीस वर्षं कोणी आणणार नाही. म्हणून मी त्या सभेत एक वेगळा ठराव मांडणार आहे. तो आजच वाचून दाखवतो, म्हणजे तुम्हाला भांडायची तयारी करता येईल.

पहिलं, मोकळ्या जागेचा एक तृतीयांश भाग पार्किंगला, बाकीचा मातीचाच. कडेने चालायची वाट, चार बाकडी आणि रात्री दहापर्यंत दिवे. दुसरं, व्हेंट पाइपच्या जाळ्या, नाल्या आणि टाक्यांची झाकणं दर महिन्याला पाहायची, आणि दर रविवारी कूलर, कुंड्या, पिंपं रिकामी करून कोरडी करायची. कारण डासाच्या अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. यासाठी प्रत्येक महिन्याला एका घराचं नाव फलकावर लागेल. तिसरं, जिना मोकळा आणि उजेडाचा. चौथं, सोसायटीच्या पैशातून खर्रा नाही, आणि पालापाचोळा जाळायचा नाही, कोपऱ्यात खड्डा करून खत करायचं. पाचवं, तीस वर्षांवरच्या प्रत्येकाने वर्षातून एकदा सरकारी आरोग्य केंद्रात बीपी आणि शुगर तपासून घ्यायची. तिथं ती मोफत होते. वाढदिवसाच्या महिन्यात गेलात तर विसरणार नाही.

सूचक मी आहे. अनुमोदक हवा आहे. कोणी पुढे आलं तर आजच नाव लिहून घेतो.

फाटलेली ती जाळी मी काल बदलली. या वेळी सुतळीऐवजी तार वापरली आहे. पण मी आता अडुसष्टचा आहे, गच्चीवर कायम मीच चढणार असं धरून चालू नका. मागच्या रांगेतल्या बालमित्रांनो, नाश्ता झाला की माझ्याबरोबर पाच मिनिटं वर या. जाळी कुठं असते, ती कशी बघायची, एवढंच दाखवतो. सुवर्णमहोत्सवात इथं उभं राहून बोलणारे तुम्हीच असाल. तेव्हा गोळ्यांचा डबा नसलेली घरं मोजायला दोन हातांची बोटं कमी पडोत, एवढीच इच्छा व्यक्त करतो आणि थांबतो.